पीयूषिकेच्या गाठी : नावांचा आणि मोजणीचा इतिहास

शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात जिचे नाव ‘पीयूषिका’ असे वाचून आपण मोठे झालो, तिलाच मराठी विश्वकोशाने ‘पोष ग्रंथी’ म्हटले आहे, आणि दवाखान्यात तिला सर्रास ‘पिट्यूटरी’ म्हणतात. वाटाण्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची ही ग्रंथी. कवटीच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या एका खोगिरासारख्या खळग्यात बसलेली. तिला तीन-तीन नावे असावीत याचे आम्हा मराठी शिकविणाऱ्यांना कौतुक वाटते. पण त्या नावांतला विरोध पाहिला की कौतुकाची जागा विचार घेतो. ‘पिट्यूटरी’ हे नाव ज्या लॅटिन शब्दावरून आले त्याचा अर्थ कफ, शेंबूड असा आहे. मेंदूत साठलेला मळ या ग्रंथीतून गाळून नाकावाटे बाहेर पडतो अशी गेलनपासूनची समजूत होती, आणि सोळाव्या शतकात व्हेसेलियसने तिला मेंदूतील कफ झेलणारी ग्रंथी असेच नाव दिले. १६७२ साली रिचर्ड लोअर याने ही समजूत खोटी ठरविली, तरी नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

आपल्याकडे या शब्दाला प्रतिशब्द देताना केवळ नादसाम्यावर भिस्त ठेवली गेली असावी असे प्रथमदर्शनी वाटते. पिट्यूटरी, पीयूष. पण संस्कृत कोशात पीयूष म्हणजे नुसते अमृत नव्हे. नुकत्याच व्यालेल्या गाईचे पहिल्या काही दिवसांचे दूध, म्हणजे आपण ज्याला चीक म्हणतो आणि ज्याचा खरवस करतो, तेही पीयूषच. (दादरला पेल्यात मिळणारे पियूष हा याच शब्दाचा धाकटा वंशज.) आता गंमत अशी की, या ग्रंथीतून पाझरणाऱ्या द्रव्यांपैकी एकाचे काम आईच्या स्तनांत दूध उत्पन्न करणे हेच आहे. युरोपाने जिला शेंबडाचे नाव दिले तिला आपण दुधाचे नाव दिले, आणि शरीरशास्त्राने पुढे जाऊन आपली बाजू घेतली. भाषेला असा आयता न्याय क्वचितच मिळतो.

‘हॉर्मोन’ हा शब्द १९०५ साली लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी आपल्या व्याख्यानांत प्रथम वापरला. चेतविणे, हलविणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून तो घडविलेला होता. मराठीतला ‘संप्रेरक’ हा त्याचा चोख अनुवाद. परंतु शब्द सापडला म्हणजे वस्तू सापडली असे होत नाही. रक्तातून वाहणारे हे प्रेरक डोळ्यांना दिसत नव्हते, तराजूत मावत नव्हते. दिसत होते ते त्यांचे परिणाम, आणि तेही माणसाच्या रूपावर.

या ग्रंथीच्या गाठींचा इतिहास त्यामुळे बराच काळ तमाशाचा इतिहास राहिला. चार्ल्स बर्न हा आयर्लंडचा ‘राक्षस’ अठराव्या शतकात लंडनमध्ये पैसे घेऊन दाखविला जाई. आपले प्रेत शस्त्रवैद्यांच्या हाती पडू नये, ते समुद्रात बुडवावे अशी त्याची इच्छा होती. १७८३ साली तो वारला आणि जॉन हंटर यांनी त्याचा सांगाडा मिळविलाच. १८८६ साली पिएर मारी यांनी हात, पाय, जबडा वाढत जाणाऱ्या रोग्यांचे वर्णन करून त्या विकाराला ‘ॲक्रोमेगली’ हे नाव दिले. १९०९ साली हार्वी कुशिंग आणि आर्थर कीथ यांनी बर्नची कवटी उघडून पाहिली, तेव्हा ते हाडाचे खोगीर फुगलेले आढळले. म्हणजे ज्याला लोकांनी चमत्कार म्हणून पाहिले तो रोगी होता. फक्त ही गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी कळली. लंडनच्या त्या संग्रहालयाने २०२३ साली पुन्हा दारे उघडताना सांगाडा प्रदर्शनातून काढून टाकला. जत्रेतल्या तंबूत उंच किंवा ठेंगू माणसे पाहायला आपल्याकडेही रांगा लागत, हे आमच्या पिढीला आठवत असेल. त्यांपैकी कितीजण मुळात रोगी होते याचा विचार त्या रांगेत कोणी केला नसेल.

राक्षस निदान दिसतो तरी. ज्या गाठीविषयी आम्हांला अधिक लिहावेसे वाटते ती दिसत नाही. पीयूषिकेतील दूधकारक संप्रेरकाला ‘प्रोलॅक्टिन’ म्हणतात. ते तयार करणाऱ्या पेशींची गाठ झाली की बाळंत न झालेल्या स्त्रीच्या स्तनांतून दूध येऊ लागते, पाळी थांबते आणि गर्भ राहत नाही. गाठ अनेकदा सेंटीमीटरभरही नसते. वेदना नाही, ताप नाही, अंगावर खूण नाही. आता ही लक्षणे घेऊन खेड्यातील एखादी सून कोणाकडे जाईल? दुधाची गोष्ट ती सासूलाही सांगणार नाही. आणि मूल होत नाही ही गोष्ट मात्र तिने न सांगता साऱ्या गावाला ठाऊक असेल. आमच्या जिल्ह्यात तुळजापूर आहे. भवानीपुढे अपत्यासाठी बोललेल्या नवसांची गणती कोण करणार? त्या श्रद्धेविषयी आम्हांला काही उणे बोलायचे नाही. परंतु शतकानुशतके ‘वांझ’ हा शब्द ज्यांच्या कपाळी मारला गेला त्यांच्यात काही जणी अशाही असणार की, ज्यांचा दोष वाटाण्याएवढ्या ग्रंथीवरच्या मसुरीएवढ्या गाठीत होता. पुरुषांतही ही गाठ होते, तीही संततीच्या आड येते. पण वांझेला पुल्लिंगी प्रतिशब्द भाषेने घडविला नाही.

दूध, संप्रेरक आणि गाठ या तिन्हींचा एकत्र अभ्यास महाराष्ट्रात कोठे सुरू झाला, याचे उत्तर मुंबईतील परळ या गिरणगावात मिळते. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी तेथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. विकृतिशास्त्राचे हे थोर अध्यापक पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. परंतु त्यांचे खरे कर्तृत्व म्हणजे रुग्णालयाच्या सावलीत संशोधनाची परंपरा रुजविणे हे होय. त्यांच्या हाताखाली आल्या कमल रणदिवे. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या या बाईंनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली एम.एस्सी. केले, तेही सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळे उदंड पिकतात, त्यामुळे हा तपशील आम्हांला जरा जवळचा वाटतो. सीताफळापासून स्तनाच्या कर्करोगापर्यंतची त्यांची वाट सरळ नव्हती. पण पेशींकडे पाहण्याची नजर तीच होती.

त्या काळी उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाने जगभरच्या संशोधकांना कोड्यात टाकले होते. काही जातींच्या माद्यांत हा रोग हमखास होई, काहींत जवळजवळ नाहीच. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवून दिले की, रोगप्रवण आईची पिले निरोगी दाईच्या दुधावर वाढविली तर रोग टळतो. म्हणजे रोगाचे काहीतरी बीज आईच्या दुधातून जाते. पुढे ते बीज विषाणू असल्याचे ठरले. पण केवळ विषाणू पुरत नव्हता. अनुवंश हवा होता आणि संप्रेरकांची चेतना हवी होती. उंदराच्या शरीरात जादा पीयूषिकेचे रोपण केले तर स्तनाच्या गाठी वाढतात असेही प्रयोगांत दिसू लागले होते. रणदिवे यांनी रोगप्रवणतेत कमीजास्त असलेल्या उंदरांच्या जाती घेऊन त्यांच्या निरोगी स्तनग्रंथींचीच रचना ताडून पाहिली. रोग झाल्यावर पाहण्यापेक्षा होण्याआधीची जमीन पाहावी, असा तो विचार. १९४९ साली खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली, नंतर बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी काचेत वाढविण्याची विद्या शिकल्या आणि परत येऊन परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. रोगप्रवणता, संप्रेरके आणि विषाणू यांचे नाते लावून पाहणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९६६ ते १९७० त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, २००१ साली त्या गेल्या. मराठी वाचकांना त्यांचे नाव माहीत असते. काम क्वचित माहीत असते. निवृत्तीनंतर त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले भागात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी हाती घेतली हे तर फारच थोड्यांना ठाऊक. प्रयोगशाळेतील उंदीर मोजून झाल्यावर ही बाई डोंगरातली मुले मोजायला गेली! आम्हांला त्यांच्या चरित्रातला हा भाग सर्वांत अर्थपूर्ण वाटतो.

याच केंद्राच्या पोटी संप्रेरक संशोधनाची दुसरी शाखा फुटली, आणि तिचे मूळ ध्यानात घेण्याजोगे आहे. १९५४ साली तेथे गर्भनिरोधकांची चाचणी घेणारा एक लहान विभाग सुरू झाला. १९६३ मध्ये त्याचे प्रजनन-शरीरक्रियाशास्त्राच्या विभागात रूपांतर झाले आणि १९७० साली त्यातून प्रजनन संशोधन संस्था उभी राहिली. आज परळलाच असलेली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था ती हीच. डॉ. शांता राव तिच्या पहिल्या संचालक. म्हणजे या देशात स्त्रीच्या संप्रेरकांकडे सरकारी तिजोरीचे लक्ष गेले ते मुख्यतः मुले होऊ नयेत यासाठी. ज्यांना मूल होत नव्हते त्यांचा लाभ ओघाने आला. कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाची भिंत गावोगाव रंगली, पण पाळी थांबली तर रक्त तपासा असे सांगणारी भिंत आम्ही तरी पाहिलेली नाही. याचा दोष त्या संशोधकांना देता येणार नाही. ज्याला पैसा मिळतो तो प्रश्न प्रयोगशाळेत आधी जातो, एवढेच. उलट मिळालेल्या वाटेने ते मूळ प्रश्नापर्यंत पोहोचले. याच संस्थेतील ए. आर. शेठ, शांता राव व सहकाऱ्यांनी १९७५ साली पुरुषाच्या वीर्यातही प्रोलॅक्टिन असल्याचे दाखविले. दुधाचे म्हणून ओळखले जाणारे द्रव्य पुरुषाच्या ठायी काय करते, हा प्रश्न परळच्या एका प्रयोगशाळेतून विचारला गेला होता.

येथे काळाची थोडी उजळणी हवी. १९७० सालापर्यंत माणसात प्रोलॅक्टिन नावाचे स्वतंत्र संप्रेरक आहे की नाही याचीच अनेक शास्त्रज्ञांना शंका होती. कारण माणसाचे वृद्धिसंप्रेरकही दूध उत्पन्न करण्याच्या चाचण्यांत यशस्वी होई. कॅनडातील हेन्री फ्रिझन यांनी ते वेगळे काढून त्याच्या मापनाची रीत बसविली, तेव्हा कोठे निदानाचा मार्ग मोकळा झाला. हे मापन शक्य झाले ते न्यूयॉर्कच्या सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यालो यांच्या किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापन पद्धतीमुळे. तत्त्व सोपे आहे. रक्तातील संप्रेरक आणि त्याच जातीचे किरणोत्सर्गी खूण लावलेले संप्रेरक यांना एकाच प्रतिपिंडाच्या मर्यादित जागांसाठी झगडू द्यायचे. रक्तातले जितके जास्त, तितकी खुणेची कमी चिकटतात. चिकटलेल्या खुणा मोजायच्या. एका मिलिलिटरमधील ग्रॅमचा अब्जांश भागही यात सापडतो. बर्सन १९७२ साली वारले. यालो यांना १९७७ साली नोबेल मिळाले.

आता किरणोत्सर्गी खूण हवी म्हणजे अणुभट्टी हवी. आणि ती मुंबईला तुर्भ्यात होती. १९६३ साली अणुशक्ती खात्याने परळला, टाटा रुग्णालयाच्याच आवारालगत, किरणोत्सारी वैद्यक केंद्र काढले. थायरॉईडचे निदान व उपचार यांसाठी ते नावारूपास आले. आणि संप्रेरके मोजण्याचे संच परदेशातून न आणता देशात बनविण्याचे काम भाभा अणुसंशोधन केंद्राने व त्याच्या भावंड संस्थांनी हाती घेतले. अणुशक्ती म्हटले की आपल्याला १९७४ आणि १९९८ आठवतात. एखाद्या बाईच्या रक्तातला दुधाचा अंश मोजण्यासाठीही अणुशक्ती लागत होती, ही गोष्ट पोखरणच्या आवाजात ऐकू आली नाही.

निदान झाले म्हणजे उपचार अवघड नव्हते. निदान प्रोलॅक्टिनच्या गाठीत तरी. ब्रोमोक्रिप्टीन व पुढे कॅबर्गोलीन या गोळ्यांनी बहुतेकांत गाठ आकसते, पाळी परत येते, गर्भ राहू शकतो. आठवड्यातून एकदोनदा घ्यायच्या गोळीने मेंदूच्या तळाची गाठ वितळावी याहून मोठा चमत्कार आधुनिक औषधशास्त्रात थोडा असेल. इतर प्रकारांत नाकावाटे शस्त्रक्रिया करतात. १९०७ साली इन्सब्रुकला हर्मान श्लोफर यांनी ती प्रथम केली. कुशिंगने ती गाजविली आणि स्वतःच सोडून दिली. १९६०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाच्या जोरावर ती परत आली.

परळच्याच के.ई.एम. रुग्णालयाकडे या बाबतीत पाहावे लागेल. तेथील अंतःस्रावी विभाग डॉ. नलिनी शहा आणि नंतर डॉ. तुषार बांदगर यांच्या काळात पीयूषिकेच्या विकारांसाठी देशभर ओळखला गेला. पण आम्ही बोट ठेवू इच्छितो ते तेथील मेंदूशल्य विभागातून डॉ. अतुल गोयल व सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधावर. विषय होता पीयूषिकेच्या महाकाय गाठी, म्हणजे चार सेंटीमीटरहून मोठ्या. आणि रोगी होते ११८. वैद्यकाच्या वाचकाला यात शस्त्रकौशल्य दिसेल, आणि ते आहेच. आम्हांला मात्र त्या आकड्यात दुसरेच काही दिसते. वाटाण्याएवढ्या ग्रंथीवरची गाठ लिंबाएवढी होईपर्यंत किती वर्षे गेली असतील? ती वर चढते तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात त्या चौकावर दाब येतो आणि माणसाला समोरचे दिसते, पण दोन्ही बाजूंचे दिसेनासे होते. घाण्याच्या बैलाला झापडे लावावीत तसे. रस्ता ओलांडताना धक्के बसतात, ताटातली वाटी कलंडते, घरचे वेंधळेपणाबद्दल बोलतात. मग कोणीतरी चष्मा देतो. महाकाय गाठींची ती मालिका शल्यचिकित्सेच्या यशाची म्हणून वाचली जाते. ती उशिराची मालिकाही आहे.

तर मग धाराशिव. येथून परळ सुमारे चारशे किलोमीटर. लातूरहून रात्री निघणारी मुंबईची गाडी आमच्या स्टेशनात थांबते आणि सकाळी दादरला उतरवते. तिच्या डब्यात एक्स-रेचे मोठे पिवळे लिफाफे मांडीवर धरून बसलेली माणसे हमखास दिसतात. आमच्या जिल्ह्यात पीयूषिकेच्या गाठीचे किती रोगी असावेत? त्रैराशिक मांडून पाहू. बेल्जियममधील लिएज प्रांतात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर पाहणीत, ७१,९७२ वस्तीत लक्षणे देणाऱ्या अशा गाठींचे ६८ रोगी सापडले. म्हणजे दर १,०६४ माणसांमागे एक. पूर्वी समजत त्याच्या कितीतरी पट हे प्रमाण होते. त्यांत दोनतृतीयांश प्रोलॅक्टिनच्या गाठी होत्या आणि दोनतृतीयांश रोगी स्त्रिया होत्या. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६. लिएजचे प्रमाण जसेच्या तसे लावले तर दीड हजारांवर माणसे होतात, आणि गोळीने बरी होऊ शकणारी त्यांतली हजारएक. हे त्रैराशिक आहे, मोजणी नव्हे, हे आम्ही जाणतो. पण निम्मे धरा, पाव धरा. तरी ती माणसे कोठे आहेत?

खेड्यात मोजणी होऊच शकत नाही असे कोणी म्हणेल तर त्याला आमच्याच जिल्ह्याचा इतिहास दाखवावा लागेल. १९८७ साली शेजारच्या बार्शीला, डॉ. बी. एम. नेने यांच्या कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने, ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर भूम आणि परंडा हे आमच्या जिल्ह्याचे दोन तालुके तीत होते. एकूण ३४६ गावे. शहरातल्या नोंदणीचे काम रुग्णालयांच्या दप्तरांवर भागते. येथे दप्तर असेल असे रुग्णालयच भोवती नव्हते. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, पारावर बसले, कोणाला अंगावरून रक्त जाते का, तोंडातली जखम भरत नाही का असे विचारत राहिले, आणि संशयितांना बार्शीला तपासणीसाठी आणू लागले. परिणाम असा झाला की काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. कस्तुरी जयंत, नेने व सहकाऱ्यांनी १९९५ साली हे प्रसिद्ध केले. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते. कोणीतरी येऊन विचारत होते.

त्याच पायावर १९९९ ते २००३ या काळात उस्मानाबाद जिल्ह्यात जगाने दखल घेतलेली चाचणी झाली. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया चार गटांत विभागल्या गेल्या. तिघींना तीन वेगवेगळ्या पद्धतींची एकवार तपासणी, चौथ्या गटाला प्रचलित सेवा. २००९ साली निष्कर्ष आले. एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. एकाच तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर. यावर वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकांत कठोर आक्षेपही घेतले गेले : तपासणीचा उपयोग होतो हे जगाला आधीच ठाऊक असताना चौथा गट कोरडा का ठेवला? आमच्या मते हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. त्या ६४ जणी आमच्याच गावांतल्या होत्या. पण ते मान्य करूनही दुसरी गोष्ट उरतेच : सव्वा लाखांहून अधिक ग्रामीण स्त्रिया, लाजेचा विषय, आणि तरी काम झाले. ज्या सासुरवाशिणींनी गर्भाशयाची तपासणी करून घेतली त्यांना पाळी थांबली आहे का, बाळ नसता दूध येते का, हे दोन प्रश्न विचारता आले असते.

विचारले गेले नाहीत, कारण ती नोंदणी कर्करोगाची होती आणि पीयूषिकेची गाठ शास्त्राच्या परिभाषेत ‘सौम्य’. सौम्य गाठी कर्करोगाच्या वहीत बसत नाहीत. दृष्टी घालविणारी, संसार मोडणारी गाठ सौम्य कशी, असा प्रश्न आमच्यासारख्या भाषेच्या माणसाला पडतो. पण सौम्य म्हणजे दुसऱ्या अवयवात न पसरणारी, एवढाच येथे अर्थ. अमेरिकेतही मेंदूतील सौम्य गाठी कायदा करून २००४ पासून मोजायला घेतल्या गेल्या.

या ‘सौम्य’ शब्दाला आणखी एका गाठीचा इतिहास जोडलेला आहे. पीयूषिकेसारख्याच संप्रेरके सोडणाऱ्या पेशी आतडे, स्वादुपिंड, फुप्फुसे अशा ठिकाणी विखुरलेल्या असतात. १९०७ साली म्यूनिकचे सीगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी आतड्यातील अशा गाठींना ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारखे पण कर्करोग नव्हे असे, नाव दिले. त्यांच्यापैकी अनेक वर्षानुवर्षे शांत बसतात, आणि कित्येक यकृतात पसरतात. म्हणजे ‘नव्हे’ हा शब्द चुकीचा होता. पुढे त्यांना चेतासंप्रेरकी म्हणजे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणू लागले. मराठी घरांत हा शब्द पोहोचला तो २०१८ साली, इरफान खान यांनी आपल्या आजाराचे नाव जाहीर केले तेव्हा. २०२० च्या एप्रिलमध्ये ते गेले. अमेरिकेतील नोंदणीत या गाठींचे प्रमाण १९७३ साली लाखामागे १.०९ होते, २०१२ साली ६.९८. माणसे बदलली असे नाही. दुर्बिणी, छायाचित्रे आणि शोधणारे डोळे वाढले.

त्यांच्या उपचाराची कथा पुन्हा पीयूषिकेच्याच पायरीवरून जाते. वृद्धिसंप्रेरकाला आवरणारे द्रव्य शोधताना १९७३ साली रॉजर गीयमँ यांच्या प्रयोगशाळेत, मेंढ्यांच्या मेंदूंचे ढीगच्या ढीग उपसल्यावर, ‘सोमॅटोस्टॅटिन’ सापडले. चेतासंप्रेरकी गाठींच्या पेशींवर या द्रव्यासाठी दारे असतात असे पुढे दिसले. मग रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी युक्ती केली : सोमॅटोस्टॅटिनसारख्या रेणूच्या पाठीवर ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सर्गी अणू बसवून त्या दारातून आत धाडायचा. हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत तयार होऊ लागले आणि परळच्या किरणोत्सारी वैद्यक केंद्रात डॉ. संदीप बसू व सहकारी ते रोग्यांना देऊ लागले; युरोपात २०१७ आणि अमेरिकेत २०१८ साली या औषधाला रीतसर मान्यता मिळाली, त्याच्या बरीच वर्षे आधीपासून. परदेशात ज्याची किंमत ऐकून श्रीमंतही दचकतात ते औषध सरकारी केंद्रात साध्या माणसाला मिळाले, आणि महाराष्ट्राने त्याचा गाजावाजा केला नाही. ल्युटेशियम-१७७ चे अर्धे आयुष्य साडेसहा दिवसांहून थोडेसे अधिक. ते साठवून ठेवता येत नाही. रोग्याला ठरल्या दिवशी परळला पोहोचावेच लागते, आणि काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा.

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने या दोन्ही घराण्यांची सोयरीक लावली. पीयूषिकेच्या ‘ॲडेनोमा’ला आता पीयूषिकेची चेतासंप्रेरकी गाठ म्हणावे असे ठरले, आणि नोंदणीच्या सांकेतिक क्रमांकाच्या शेवटी सौम्यतेच्या शून्याऐवजी घातकतेचा तीन आला. अनेक अंतःस्रावतज्ज्ञांनी याला विरोध केला. गोळीने बऱ्या होणाऱ्या बाईला कर्करोगाच्या वहीत का बसवायचे, तिला आणि तिच्या घरच्यांना काय वाटेल, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. आमच्याकडे तर लग्न मोडायला ‘गाठ’ एवढा शब्द पुरतो, पुढे कॅन्सर म्हणण्याचीही गरज पडत नाही. पण त्या तीनच्या आकड्यामुळे एक गोष्ट घडू शकते, जी शून्यामुळे कधी घडली नसती : भूम-परंड्याच्या गावांतून फिरणाऱ्या नोंदणीच्या वहीत या गाठीला रकाना मिळू शकतो. त्या रकान्यात पहिले नाव पडण्यासाठी पारावरच्या प्रश्नांत ते दोन प्रश्न घालावे लागतील, आणि प्रोलॅक्टिन मोजण्यासाठी दंडातून काढलेले थोडेसे रक्त लागेल. आता ते मोजायला अणुभट्टीची गरज राहिलेली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या साध्या प्रयोगशाळाही नमुना स्वीकारतात.